तपकीर गल्लीतला चिप-लेव्हल क्लास: २२ हजार, बारा रविवार आणि एक मोहरीएवढा कपॅसिटर

आधी हिशेब सांगते, कारण पुण्यात माणूस रिव्ह्यू वाचतो तो त्यासाठीच. लॅपटॉपचा मदरबोर्ड थेट एकेका चिपपर्यंत जाऊन दुरुस्त करायला शिकवणारा हा क्लास. फी २२,००० रुपये, दोन हप्त्यांत. बारा रविवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन, आणि शेवटी दोन शनिवार खालच्या दुकानात प्रत्यक्ष काम. टूलकिटचे ४,८०० वेगळे. हे ‘वेगळे’ पहिला हप्ता भरल्यावरच कळतं. जागा बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून पायी दोन मिनिटं, एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. क्लासचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी करणार आहे, आणि सरांशी माझं येणं-जाणं अजून आहे. गल्लीत असे क्लास दोन-चार तरी असतील, वर्णन वाचून ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

मी नऊ वर्षं आयटी सपोर्टमध्ये आहे. खराडीतली कंपनी, परदेशी क्लायंट, सर्व्हिस डेस्क. सोसायटीत माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाली’ अशी आहे, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंचा प्रिंटर अडला की बेल आमची वाजते. सासूबाईंना वाटतं मी कॉम्प्युटर बनवते. खरं काम असं: फोन उचलायचा, नाव विचारायचं, तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) काढायचं, स्क्रीनवर येईल तो प्रश्न विचारायचा, रिस्टार्ट करायला लावायचं, झालं तर तिकीट बंद, नाही झालं तर वरच्या टीमकडे. दिवसाला पस्तीसेक तिकिटं. पूर्वी त्यातली दहा-बारा नुसती पासवर्डची असायची. मग लोकांनी आपापला पासवर्ड बदलावा म्हणून पोर्टल आलं, त्यानंतर चॅटबॉट आला, आणि बावीस जणांची आमची टीम तेरावर आली. कोणाला काढलं नाही. जो सोडून गेला त्याची खुर्ची भरली नाही, एवढंच. कँटीनमध्ये आम्ही त्या खुर्च्या मोजतो.

डोक्यात दुसरं काही शिकायचा किडा शिरला तो १९ जुलै २०२४ ला. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या स्क्रीनवर जाऊन बसली, तो शुक्रवार. माझी सकाळची शिफ्ट होती. दहाच्या सुमाराला ऑस्ट्रेलियाचे फोन सुरू झाले, दुपारी युरोप जागा झाला. उपाय साधा होता: मशीन सेफ मोडमध्ये न्यायचं आणि एक फाइल उडवायची. पण डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद, म्हणजे आधी रिकव्हरी की हवी. ती ४८ आकडी. सहा-सहाचे आठ गट. मी वाचणार, पलीकडचा टाइप करणार, पाचव्या गटात चुकणार, आम्ही पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी मी ५७ माणसांना आकडे वाचून दाखवले. घरी आले तर नवऱ्यानं गॅसवाल्याला फोन करायला नंबर विचारला आणि मला रडू आलं.

तेव्हापासून दोन वर्षं शोधच चालला होता म्हणा ना. कर्वे रोडवर एका क्लाउडच्या क्लासचं डेमो लेक्चर ऐकलं. तीन तास स्लाइड्स, आणि दर दहा मिनिटांनी पॅकेजचा आकडा. काय शिकवणार ते विचारलं तर ब्रोशर दिलं. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या पीजी डिप्लोमाची माहिती काढली. त्यांचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर आणि सिक्युरिटीचा कोर्स मनापासून आवडला होता. पण आधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, मग सहा महिने पूर्ण वेळ, म्हणजे नोकरी सोडूनच. मुलगी चौथीत, फ्लॅटचे हप्ते चालू. राहिलं. आयटी सेवा कशी चालवावी याची आयटीआयएल फाउंडेशन परीक्षा मी आधीच दिलीय, ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास. सर्टिफिकेट लिंक्डइनवर आहे. लाइक आले.

तपकीर गल्लीत मी गेले होते ती मुलीच्या टॅबचा चार्जर घ्यायला. दुकानाशेजारच्या जिन्यावर पाटी होती: ‘लॅपटॉप चिप-लेव्हल रिपेअरिंग. १०० टक्के जॉब गॅरंटी. आत येताना वर बघा.’ वर बघा कशाला, म्हणून वर बघितलं, आणि उघड्या वायरीच्या लोंबत्या होल्डरला डोकं लागता लागता राहिलं. म्हटलं, निदान पाटी तरी खरं बोलते.

बॅचमध्ये चौदा जण. मी एकटी बाई. मंचरचा एक मुलगा, त्याचं स्वतःचं मोबाइलचं दुकान. भोसरीच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतलेले एक काका, बाकी डिप्लोमा करून घरी बसलेली पोरं. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ‘ताई’ करून टाकलं. सर मात्र शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणाले. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या हातात एक बोर्ड ठेवला आणि विचारलं, “मॅडम, हा का मेला?” मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे त्या प्रश्नासाठी स्क्रिप्टच नव्हती.

शिकवणं उत्तम. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी बरीच किरकिर करणार आहे. सरांची पद्धत अशी की फळ्यावर एकच रेघ. ॲडाप्टरचे १९ व्होल्ट आत येतात, दोन मॉस्फेट, म्हणजे विजेची दारं, ओलांडून मेन लाइनवर पोचतात, तिथून ३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट तयार होतात, मग पॉवर बटण, मग पॉवरचा क्रम सांभाळणारी आयओ चिप, आणि अगदी शेवटी प्रोसेसर. बोर्ड मेला म्हणजे या रेघेवर कुठेतरी पाणी तुंबलंय. कुठे, ते मीटर घेऊन एकेका नळाशी जाऊन बघायचं. उडी मारायची नाही. मंचरच्या मुलाला उडी मारायची फार सवय. दिसली चिप की लाव गरम हवा. सर त्याला म्हणायचे, “अरे, पेशंट अजून नाव सांगतोय आणि तू पोट फाडलंस.”

सोल्डरिंगला, म्हणजे धातू वितळवून टाके मारायला, दोन रविवार गेले. शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, फॅक्टरीतून येणारं बिनशिशाचं २१७ च्या आसपास. म्हणून काढायच्या टाक्यात आधी आपलं शिशाचं थोडं मिसळायचं, मग तो लवकर सैल पडतो. हे पुस्तकात एक ओळ आहे. हाताला यायला मला दोन रविवार आणि डाव्या तर्जनीवर एक फोड लागला. धूर निघतो तो शिशाचा नसतो, फ्लक्सचा असतो, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्या चिकट पदार्थाचा. पण शिसं बोटांना लागतं, त्यामुळे हात साबणानं धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. हा नियम सर काकांनासुद्धा ओरडून सांगायचे.

सहाव्या रविवारचं जरा सविस्तर सांगते, कारण माझे बावीस हजार त्या दिवशी फिटले.

बोर्ड पूर्ण डेड. मेन लाइनच्या कॉइलवर मीटर ठेवला की बीप, म्हणजे लाइन ग्राउंडला शॉर्ट, वीज पुढे न जाता मधेच गळतेय. आता या लाइनवर वीसेक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडी साठवून धरणारे बारके तुकडे, सगळे एकमेकांना समांतर. एक शॉर्ट झाला की मीटर सगळ्यांवर बीप देतो. चोर एक आणि वीस जण हात वर करून उभे, असं. सरांनी ड्रॉवरमधून राळेचा खडा काढला. तीच, देवापुढे धूप घालतात ती. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यात खुपसलं आणि धूर बोर्डावर धरायला सांगितलं. मिनिटभरात सगळ्या कपॅसिटरांवर पांढरं दव पडल्यासारखा थर. खोलीत गुरुवारच्या आरतीचा वास. मग पॉवर सप्लायवर एक व्होल्ट लावला, करंटला मर्यादा घातली आणि लाइनला जोडला.

“आता फक्त बघत बसायचं, मॅडम. हात लावायचा नाही.”

चार-पाच सेकंद काही नाही. मग तिसऱ्या रांगेत, स्क्रूच्या भोकाशेजारी, एका कपॅसिटरवरचं पांढरं विरघळलं. फक्त त्या एकाचं. शेजारचे सगळे तसेच पांढरेशुभ्र, आणि हा एक ओला, तपकिरी, चमकणारा. आकार मोहरीएवढा. करंट सगळा त्याच्यातून जात होता म्हणून तोच तापला होता. हॉट एअरनं तो उचलला, चिमट्यातून निसटून खाली कुठेतरी गेला, मिळाला नाही. मीटर ठेवला. बीप नाही. ॲडाप्टर लावला, लाइट लागला.

मी टाळी वाजवली. चौदा जणांच्या वर्गात, चौतिसाव्या वर्षी. काकांनीही वाजवली, मग सगळ्यांनीच.

आमच्या सपोर्टच्या भाषेत दोन शब्द आहेत, इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम. बाहेरच्याला एकच वाटतात. इन्सिडेंट म्हणजे माणसाचं काम अडलंय, ते कसंही करून चालू करून दे. प्रॉब्लेम म्हणजे ते मुळात का अडतंय ते शोध. इन्सिडेंट आमच्याकडे, प्रॉब्लेमची टीम वेगळी. मी नऊ वर्षांत हजारो इन्सिडेंट बंद केले असतील आणि ‘का’ या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर विरघळताना मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं. मी इतके दिवस समजत होते की मला कॉम्प्युटरचा कंटाळा आलाय.

बरं, आता किरकिर.

हॉट एअर स्टेशन सहा आणि माणसं चौदा. म्हणजे पाच तासांत तुमच्या हाताला दोन तास काम, बाकी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघणं. एक्झॉस्ट फॅन पहिल्या रविवारी बंद होता, बाराव्या रविवारीही बंद होता. ‘उद्या माणूस येतोय’ हे उत्तर मी माझ्या युजरला रोज देते, त्यामुळे मला ते लगेच ओळखता आलं. दम्याचा त्रास असेल तर या खोलीत पाऊल टाकू नका. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई भल्या, त्यांनी किल्ली दिली. पण हे क्लासनं बघायला हवं होतं, आणि प्रवेश घेताना मी विचारलं तेव्हा ‘होऊन जाईल’ म्हणाले. टूलकिटमधला मीटर तिसऱ्या आठवड्यात अडखळायला लागला. तसलाच मीटर खाली रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळतो. सर्किट डायग्राम सरांच्या हार्ड डिस्कवर हजारोंनी आहेत. कुठून आल्या ते कोणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, तो चिपमध्ये भरायला एकच रविवार, तोही घाईत. ३.३ व्होल्टची चिप आणि १.८ ची चिप यांतला फरक सांगेपर्यंत एकानं एक जाळली होती.

आणि ती जॉब गॅरंटी. ती म्हणजे सरांनी ओळखीच्या दुकानात केलेला फोन. खोटं नाही, फोन करतात. पोरांना बारा-तेरा हजारांपासून सुरुवात. बाविशीत, घरी राहत असाल तर कामाला लागायला बरं आहे. माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याला ते येत नाही.

शेवटच्या दोन शनिवारी मला खालच्या दुकानात बसवलं. मला वाटलं होतं, मायक्रोस्कोपखाली बोर्ड असेल आणि मी असेन. पहिल्या तासात एक गृहस्थ आले, म्हणाले, कालपर्यंत चालू होता, तुमच्याकडे दिला आणि बंद पडला. काउंटरवरचा पोरगा आतून घाबरला आणि वरून चढला. मी उठले. साहेब, बसा. चार्जर तुम्ही दिला होतात का सोबत? पावतीवर काही लिहिलंय का? लिहिलेलं काहीच नव्हतं. त्यांचं दुकान तोंडी चालतं. दुपारपर्यंत मी एका वहीत रकाने आखून दिले: कोणता मॉडेल, अंगावर ओरखडे कुठे, चार्जर दिला की नाही, पासवर्ड काय, डेटाचा बॅकअप घेतलाय का, खाली ग्राहकाची सही. दुसऱ्या शनिवारी मालकांनी चहा मागवला आणि विचारलं, “ताई, येता का इथे? अठरा देतो.” मी विचारलं, बेंचवर? तर म्हणाले, “छे, काउंटरला. बोर्ड ही पोरं करतात. गिऱ्हाईक कोणाला सांभाळता येत नाही.”

नऊ वर्षांचा सपोर्ट सोडून पळायला निघाले आणि बुधवार पेठेत पहिली ऑफर आली ती सपोर्टची. नवरा अजून हसतोय.

धंद्याचं गणित मी त्या दोन शनिवारी नीट पाहिलं, ज्यांना स्वतःचं दुकान टाकायचंय त्यांच्यासाठी लिहिते. बोर्डाचं काम अडीच ते साडेचार हजारांचं. पण ‘झालं नाही तर पैसे नाही’ हा गल्लीचा नियम, त्यामुळे चार तास घालवून न झालेला बोर्ड फुकट. झालेल्याची महिनाभर वॉरंटी, आणि त्यातले काही परत येतातच. नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हात घालायचा तर कौशल्य आणि मशीन दोन्ही वरच्या दर्जाचं लागतं. उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून जुना लॅपटॉप घेऊन ‘आता हा टाकून द्यायचा का हो?’ विचारणारी माणसं वाढलीत, असं मालक म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांना एसएसडी आणि रॅम घालून वर्ष-दोन वर्षं ढकलता येतात. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे दुकानाचं भाडं त्यावर निघतं, बोर्डावर नाही. मंचरच्या मुलाला हे सगळं जमेल. त्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, आणि उड्या मारणं आता पुष्कळ कमी झालंय.

माझं काय? राजीनामा दिलेला नाही. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन, तुटल्याचे फोन येतात. वर्षानुवर्षं. आम्ही रिस्टार्ट करायला लावतो, चालू होतं, तिकीट बंद. क्लास संपल्यानंतरच्या सोमवारी मी ठरवून डबा डेस्कवरच खाल्ला आणि तीन महिन्यांतली अशी ४१ तिकिटं एक्सेलमध्ये एकाखाली एक लावली. सरांची रेघच, फक्त मीटरऐवजी रकाने. शहर वेगळं, ऑफिस वेगळं, माणसं वेगळी. लॅपटॉपचं मॉडेल मात्र ३८ वेळा तेच, आणि सगळे शनिवार-रविवार झाकण मिटून ठेवलेले. वाय-फाय कार्डाच्या पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगपर्यंत पोचायला आणखी दोन डबे गेले. प्रॉब्लेमच्या टीमला पाठवलं. त्यांनी तीन आठवड्यांनी त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बदलला, सोमवारचे फोन एकदम कमी झाले, आणि ‘ग्रेट जॉब टीम’ अशी मेल आली, त्यात माझं नाव नव्हतं. मी मॅनेजरला ती मेल आणि माझं एक्सेल एकत्र पाठवून विचारलं की त्या टीममध्ये जागा आहे का. “बघू” म्हणाले. दोनदा विचारून झालंय. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे म्हणतात. महिन्यातून दोन शनिवार मी दुकानात जाते. काउंटरला नाही. बेंचवर, बिनपगारी, मालकांना हे अजून पटलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन. एक्झॉस्ट फॅन चालू केला तर चार.

ज्यांना फोनवर माणसांशी बोलण्याचा वीट आलाय म्हणून हातकाम शिकायचंय, त्यांनी फी भरण्याआधी एक पूर्ण शनिवार गल्लीतल्या कुठल्याही दुकानात उभं राहून बघावं. हातानं काही उघडून, शोधून, दुरुस्त करायची हौस असेल तर जा, इतकं नीट शिकवणारे सर मला तरी दुसरीकडे दिसले नाहीत. पैसे एकदम भरू नका. गाडी आणू नका. मी धायरीहून बसनं स्वारगेटला येते आणि तिथून मेट्रोनं एक स्टेशन, मंडईला उतरले की चालत दहा मिनिटं. किट क्लासकडून घेऊ नका, मीटर तर नाहीच. घरून जुना टूथब्रश न्या, फ्लक्स घासायला लागतो आणि तो मागितला की सर दोन रुपयांच्या वस्तूवर पाच मिनिटं बोलतात. आणि जिन्यात वर बघा, होल्डर अजून तिथेच आहे.